वाचकांचे प्रश्न: शाही थाई जेवण

प्रश्न: बँकॉकमध्ये बऱ्याच रेस्टॉरंटांच्या पाटीवर ‘रॉयल’ असं लिहिलेलं असतं. राजवाड्याच्या पद्धतीचं अस्सल जेवण ओळखायचं कसं?

उत्तर: पाटीवर जाऊ नका, मेनू वाचा. या पद्धतीला ‘आहान चाव वांग’ म्हणतात. जेवणाऱ्याच्या तोंडात हाड, काटा किंवा बी येता कामा नये, हा तिचा पहिला नियम. पदार्थ एका घासात मावेल एवढा असतो. तिखट, आंबट, गोड, खारट यांतली एकही चव दुसरीवर चढत नाही. भाज्या-फळांचं कोरीवकाम मात्र खूण धरू नका, ते आता कुठल्याही बुफेत दिसतं.

मेनूत ‘चो मुआंग’ आहे का ते बघा. सारण भरलेल्या, फुलाच्या आकाराच्या या वाफवलेल्या पिठाच्या गोळ्याला गोकर्णाच्या फुलांचा रंग देतात. निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळा रंग येतो. मग छोट्या चिमट्याने एकेक पाकळी उचलतात. ताजं असेल तर पाकळ्या मऊ आणि सुट्या दिसतात, करून ठेवलेलं असेल तर कडा वाळतात. एवढी मेहनत घेणारं स्वयंपाकघर बहुधा बाकीचंही नीट करतं.

थाँगलो भागातलं आर-हान या परंपरेसाठी नावाजलेलं आहे, पण महाग आहे. कमी खर्चात चव घ्यायची असेल तर कामफेंग फेत मेट्रो स्थानकाजवळच्या ओ टो को बाजारात जा. ‘लूक चुप’ तिथे घ्या: मूगडाळ, नारळाचं दूध आणि साखर आटवून केलेली, रंगवून अगर-अगरमध्ये बुडवलेली इवलीशी फळं.

प्रश्न: एप्रिलमध्ये जाणार आहोत. खास काय खावं?

उत्तर: ‘खाव चे’, म्हणजे सुगंधी पाण्यातला भात, आणि तोही दुपारी. हा पदार्थ मूळचा म्यानमार-थायलंडमधल्या मोन लोकांचा, तिथून राजवाड्यात गेला. साधारण मार्च ते मे एवढाच मिळतो. तांदूळ अर्धवट शिजवून, पाणी नितळ होईपर्यंत चोळून धुतात आणि मग वाफवतात. पिठूळपणा राहिला तर वाडग्यातलं पाणी गढूळ होतं. पाण्यात रात्रभर मोगऱ्याची फुलं तरंगत ठेवतात आणि सुगंधी मेणबत्तीचा धूर देतात. सकाळी फुलं काढून टाकतात, कारण ती कोमेजली की पाण्याला कडवट वास लागतो.

सोबत असतात आंबवलेल्या कोळंबीच्या, म्हणजे कापीच्या, तळलेल्या गोळ्या, अंड्याच्या जाळीत गुंडाळलेल्या भरल्या मिरच्या आणि गोड परतलेला वाळवलेला मुळा. बहुतेकांची चूक इथेच होते: हे सगळं भातात कालवतात. तसं केलं की पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि मोगरा मरतो. आधी तोंडीलावण्याचा छोटा घास घ्या, तो चावून झाल्यावर भात-पाण्याचा चमचा. कापीच्या गोळीनंतर क्राचाय नावाच्या कंदाचा किंवा कच्च्या आंब्याचा तुकडा चावा, तोंडातला वास जातो. चमचा पुन्हा वाडग्यात घालताना त्याला तेल लागलेलं नको.

बँकॉकबाहेर जाणार असाल तर फेचबुरीत खाव चे साध्या थाटात मिळतं. तिथे गोड केलेला मासाही सोबत देतात.

प्रश्न: शाकाहारी माणसाचं तिथे कसं होणार?

उत्तर: आधी कळवलं तर छान होतं, ऐन वेळी सांगितलं तर अवघड. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण माशाच्या सॉसची आणि कापीची, कारण दोन्ही वाटणात आणि पाकात मुरलेली असतात. उदाहरणार्थ, ‘मियांग खाम’च्या पानावरची सुकी कोळंबी बाजूला काढता येते, पण वर घालायच्या गोड पाकात बरेचदा कापी असते. ‘माय साय नाम प्ला, माय साय कापी’ हे वाक्य पाठ करा: माशाचा सॉस नको, कापी नको. नुसतं ‘जे’, म्हणजे थाई भाषेत कडक शाकाहारी, म्हणालात तर कांदा-लसूणही वगळतील, अंडीही. गोडात ‘फॉय थाँग’चे सोनेरी धागे अंड्याच्या बलकाचे असतात, लूक चुप मात्र चालेल.

प्रश्न: बिल मेनूतल्या किमतीपेक्षा जास्त का येतं?

उत्तर: किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात, म्हणून. त्यावर 10 टक्के सेवा शुल्क आणि मग 7 टक्के कर लागतो. 1,000 बाथचं जेवण 1,177 बाथला पडतं.