शेतात पडलेल्या जुन्या टाकीचा ऑफसेट स्मोकर घरी बनवता येतो का?

येतो भाऊ, आणि चांगला येतो. ऑफसेट स्मोकर म्हणजे बाजूच्या चुलीच्या पेटीत विस्तव करून त्याच्या धुरावर आणि उष्णतेवर मोठ्या टाकीत मटण सावकाश शिजवायचं साधन. आमचा 2019 पासून चालू आहे, सावद्याजवळ केळीच्या शेतात बांधावर ठेवलाय, मी आणि माझ्या साडूने मिळून बनवला, साडूचं भुसावळला वेल्डिंगचं दुकान आहे म्हणून बरंच काम घरच्या घरी झालं. तुम्ही लिहिलंय की दोन टाक्या पडल्यात, एक चकाकत्या पत्र्याची पाण्याची आणि एक गॅरेजमधली जुनी कॉम्प्रेसरची, त्यातली कोणती घेऊ आणि जाळायला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, चालतील का. दोन्ही सांगतो, पण टाकीचं आधी, कारण तिथं चूक झाली तर जीवावर बेतते.

पाण्याची टाकी घेऊच नका. तो चकाकणारा थर जस्ताचा असतो, जीआय पत्रा म्हणतो आपण तोच. जस्त 419 डिग्रीला वितळतं आणि वेल्डिंगच्या आर्कसमोर तर त्याची वाफ होऊन पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप चांगला माहीत असतो, गूळ खा दूध पी सांगतात, पण गुळाने काही होत नाही, तो धूर घ्यायचाच नाही एवढंच. शिवाय ज्या पेटीत आपण तासन्‌तास विस्तव करणार आणि ज्यातलं पोरंबाळं खाणार तिथं जस्त कशाला पाहिजे.

कॉम्प्रेसरची टाकी घ्या. जाड लोखंड, आत अस्तर नाही, जन्मभर हवा, थोडं पाणी आणि थोडं ऑइल एवढंच पाहिलेलं असतं. आमची 220 लिटरची होती, दीड फूट व्यास आणि साधारण साडेचार फूट लांब, भंगारात किलोवर मिळाली, नव्वदेक किलो भरली म्हणजे चार हजाराच्या आत. बाकी सगळं धरून, चुलीची प्लेट, रॉड, डिस्क, स्टँड, बारा हजारापर्यंत गेलं, साडूची मजुरी त्यात नाही.

आणि एक, ही टाकी सोडून दुसरी कुठलीही हाती लागली तर ती आधी कशाची होती हे पक्कं माहीत असल्याशिवाय ग्राइंडर लावू नका. आपल्या खान्देशात कपाशीमुळे फवारणीच्या औषधाचे ड्रम गावोगाव पडलेले असतात, ते कितीही धुतले, जाळले तरी खाण्याच्या कामाला नकोच. पेट्रोल, डिझेल, थिनरची टाकी वर्षानुवर्षं रिकामी असली तरी लोखंडाला चिकटलेला गाळ गरम झाला की वाफ सोडतो आणि डिस्कची एक ठिणगी पुरते. घरगुती गॅसचा सिलेंडर तर आपला नसतोच, कंपनीचा असतो, आपण फक्त डिपॉझिट भरलेलं असतं, त्याला हात लावू नका.

कॉम्प्रेसरच्या टाकीची बी तयारी करावी लागते. गेज शून्यावर आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही, ड्रेन उघडायचा, वरचा प्लग हळूहळू काढून टाकायचा आणि मग उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा टाकून दोन-तीनदा खळखळून धुवायची, ऑइल निघेपर्यंत. कापताना टाकी पाण्याने भरून ठेवायची, फक्त जिथं कापतोय तेवढाच भाग पाण्याच्या वर राहील अशी.

आता दरवाजा. इथं आम्ही एक टाकी जवळजवळ वाया घालवली. खडूने चौकोन आखला, चारही बाजू कापल्या, झाकण हातात आलं आणि परत बसवायला गेलो तर बसेना, एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. कारण असं की टाकीची प्लेट रोलमध्ये वाकवून वेल्ड केलेली असते, तिच्यात ताण दाबून बसलेला असतो, कापलं की तो सुटतो आणि झाकण आपला आकार सोडतं. बरोबर पद्धत अशी की आधी फक्त बिजागरीची बाजू कापायची, बिजागऱ्या तिथल्या तिथं त्या कापाच्या दोन्ही अंगाला वेल्ड करून टाकायच्या आणि मगच उरलेल्या तीन बाजू कापायच्या. मग झाकणाच्या कडेला आतून-बाहेरून इंचभर पट्टी मारली की फट झाकते.

ऑफसेटचा अर्थ साधा आहे, विस्तव एका बाजूच्या पेटीत, मांस मोठ्या टाकीत, आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. अमेरिकेत टेक्सास-ओक्लाहोमाकडं तेलाच्या विहिरींवर काम करणाऱ्या वेल्डरांनी उरलेल्या जाड पाइपांतून असे स्मोकर बनवले, म्हणजे ही मुळातच भंगाराची वस्तू आहे, त्यामुळे भंगार वापरतोय म्हणून कमीपणा नाही. पण मापं मनाने घेऊ नका. चुलीची पेटी मोठ्या टाकीच्या आकारमानाच्या एक तृतीयांश लागते, 220 लिटरला साडेसोळा इंची चौकोनी पेटी बरोबर बसते, आणि पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, पेटीला दोन सूत (पाव इंच) जाड प्लेटच घ्या, पातळ पत्रा दोन-तीन वर्षांत जळून जातो आणि वारा आला की उष्णता पण धरत नाही. पेटी आणि टाकीच्या मधलं तोंड आम्ही 12 बाय साडेचार इंच ठेवलंय, खालच्या बाजूला. धुराडं चार इंची पाइपाचं, दोन फूट उंच. धुराडं टाकीच्या डोक्यावरून काढू नका, मटण ठेवायची जाळी ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवरून काढा. आमचं पहिलं वरून होतं, तर गरम हवा मटणाच्या डोक्यावरून सरळ निघून जायची आणि खालून मटण कच्चं. टाकीला थोडा उतार द्या आणि सगळ्यात खाली ड्रेनचं भोक ठेवा, चरबी साचली तर पेट घेते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवा. लोकांना वाटतं स्मोकर म्हणजे धूर कोंडून ठेवायचा. तसं नाही हो. पांढरा दाट धूर येतोय याचा अर्थ लाकूड नीट जळत नाहीय, धुमसतंय, आणि त्या धुरात दोन तास ठेवलेलं मटण कडू लागतं, जिभेला चुरचुरतं. धुराड्यातून निळसर, जेमतेम दिसेल असा पातळ धूर यायला पाहिजे. त्यासाठी धुराडं कायम पूर्ण उघडं ठेवायचं आणि ताप कमीजास्त करायचा तो पेटीच्या खालच्या हवेच्या खिडकीवरून आणि लाकडाच्या संख्येवरून. विस्तव छोटा पण जिवंत, ज्वाळ असलेला. मनगटाएवढं जाड, फूटभर लांब एक लाकूड अर्ध्या-पाऊण तासाला टाकायचं, आणि पुढचं लाकूड पेटीच्या डोक्यावर ठेवून आधीच गरम करायचं म्हणजे टाकल्या टाकल्या पेटतं.

म्हणूनच पऱ्हाट्या नकोत. मला माहितीय तुमच्या डोक्यात काय आहे, आपलं वांग्याचं भरीत पऱ्हाट्यांवर भाजतात तर मटण का नाही. पण पऱ्हाटी भडकते आणि दोन मिनिटांत राख होते, भरताला तेच पाहिजे, सहा तासांच्या कामाला निखारा पाहिजे. आणि वांग्याची साल आपण काढून टाकतो, मटणाला साल नाही, आणि कपाशीवर फवारण्या किती होतात ते तुम्ही स्वतः बघताय. बाभूळ चांगली, कडक निखारा देते पण नीट वाळलेली पाहिजे, ओली बाभूळ फार उग्र. आंबा, चिंच, बोर, जांभूळ मस्त. कडुनिंब कडू, निलगिरीत तेल, आणि सुताराकडचे तुकडे तर अजिबात नको, पॉलिश आणि प्लायचा गोंद असतो त्यात.

पहिल्यांदा रिकामा पेटवा, तीन-चार तास जोरात, बाहेरचा जुना रंग, आतलं उरलंसुरलं सगळं जळू द्या, थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासा आणि आतून शेंगदाण्याचं तेल पातळ पुसून परत तापवा, काळा थर धरला की गंज लागत नाही. आणि शेडमध्ये, गोठ्यात, बंद जागेत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीपासून लांब, मे महिन्यात आपल्याकडचा वारा कसा असतो सांगायला नको, मी तर तेव्हा पहाटे चारला पेटवतो.

टाकीचा ताप 110 ते 130 डिग्री. थर्मामीटर झाकणाच्या माथ्यावर लावू नका, जाळीच्या उंचीला लावा, फरक वीस-पंचवीस डिग्रीचा पडतो. बकऱ्याचा फर्रा (खांदा) किंवा रान (मांडी) आपल्याकडे बिनचरबीचं असतं म्हणून पहिले तीन तास उघडं आणि मग केळीच्या पानात गुंडाळून. मध्ये एक वेळ येते की आतलं तापमान 65-75 वर अडकतं, तासभर हलत नाही, मांसातून पाणी सुटून वाफ होत असते म्हणून. तेव्हा घाबरून लाकडं कोंबू नका, थांबा. आत 90-95 झालं की हाडापासून आपोआप सुटतं.

आणि मटण निघाल्यावर पेटीतला निखारा फुकट घालवू नका. थंडीच्या दिवसांत बामणोदची मोठी हिरवी वांगी मिळतात, त्यांना तेल लावून निखाऱ्यावर सरळ टाकायची, टाकीत नाही, टाकीत नुसती मऊ होतात आणि भरताची चव येत नाही. आमच्या घरी मटणापेक्षा त्या भरताची आणि कळण्याच्या भाकरीची वाट जास्त बघतात.