ईपीएबीएक्सवरून आयपीवर जाताना

प्रिय मित्रा,

कारखान्यातला जुना ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं एक्स्चेंज) काढून आयपी यंत्रणा (संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारे फोन) बसवायचं काम तुझ्याकडे आलंय. यंत्रणा कुठल्याही पिढीची असो, आधी दोन गोष्टी शोध: आवाज कुठून जातो आणि संकेत (कॉल लावण्या-तोडण्याचा संदेश) कुठून जातो.

कॉर्ड बोर्डाच्या काळी ऑपरेटर नंबर तोंडी विचारायची आणि दोर खोचून आवाजाची वाट जोडायची. स्ट्रॉजरच्या आपोआप जोडणाऱ्या स्विचने (पेटंट १८९१) तेच काम लाइनवरच्या ठोक्यांवर सुरू केलं. ईपीएबीएक्समध्येही घंटी, आवाज आणि वीज एकाच तांब्याच्या जोडीतून जातात, त्यामुळे दोष सापडणं सोपं. रिसीव्हर ठेवलेला असताना जोडीवर मॉडेलप्रमाणे २४ ते ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवेत. नसतील तर क्रोनमध्ये (तांब्याच्या जोड्या जोडायच्या पट्टीत) जोडी मध्येच तोडणारा डिस्कनेक्ट प्लग घालून ईपीएबीएक्सच्या लाइन कार्डाच्या बाजूला मोज. बिघाड कार्डात की केबलमध्ये, लगेच कळेल.

पीआरआयमध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या डिजिटल लाइनमध्ये, ३० टाइमस्लॉट (वेळेचे कप्पे) आवाजाचे, सोळावा संकेतांचा. क्लॉक (दोन्ही टोकांचा ताल जुळवणारा ठोका) टेलिफोन कंपनीच्या लाइनवरून घेतला नाही, तर कॉल लागतात पण टकटक येते आणि फॅक्स अर्ध्यात तुटतो.

एसआयपीत, म्हणजे आयपी फोनचे कॉल लावण्याच्या पद्धतीत, वाटाच निराळ्या. संकेत सहसा ५०६० पोर्टवर (नेटवर्कमधल्या क्रमांकित दारावर), आवाज आरटीपीच्या (आवाजाची पॅकेटं नेणाऱ्या पद्धतीच्या) वेगळ्या पोर्टांवर. म्हणून घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि एकाच बाजूला ऐकू येतं. अशा वेळी हँडसेट बदलत बसू नकोस. पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरच्या संदेशांची नोंद) घे, बाहेर जाणाऱ्या इन्व्हाइटमधली (कॉल लावायच्या संदेशातली) एसडीपी, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा तो मजकूर, वाच. तिथे १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता असेल, तर समोरची यंत्रणा तुझ्या खासगी पत्त्यावर आवाज पाठवतेय, जो कधीच पोचणार नाही. राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपी संदेशातले पत्ते आपणहून बदलणारी सोय) बंद कर, सर्व्हरला बाहेरचा पत्ता दे, आरटीपीचे पोर्ट उघड (ॲस्टरिस्क या फोन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा १०००० ते २०००० यूडीपी). ५०६० मात्र फक्त सेवा देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यासाठी मोकळा ठेव; सगळ्यांना उघडा राहिला आणि पासवर्ड कच्चे असले, तर एका रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढतं.

जी.७११चा (आवाज न दाबता पाठवणाऱ्या कोडेकचा) एक कॉल इथरनेटवर प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे २० कॉलना पावणेदोन एमबीपीएस. एवढी जागा असूनही आवाज तुटत असेल, तर व्हॉइस व्हीलॅन (फोनसाठी वेगळं केलेलं नेटवर्क) आणि डीएससीपी ४६ (आवाजाच्या पॅकेटांना आधी सोडायची खूण) तपास.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती वीज. पूर्वी एक्स्चेंजची बॅटरी धडधाकट असली की टोकाचा फोनही चालायचा. आता मजल्यावरच्या पीओई स्विचला (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणाऱ्या) यूपीएस नसेल तर लाइट गेल्याबरोबर तिथले सगळे फोन बंद. लिफ्ट, गेट आणि बॉयलर रूमच्या जोड्या म्हणूनच उपटू नकोस. त्या एफएक्सएस गेटवेवर (जुने साधे फोन आयपीला जोडणाऱ्या पेटीवर) घे आणि गेटवे सर्व्हर रूमच्या यूपीएसवर ठेव. त्याआधी जोडीवर शोधायचा टोन टाकून एमडीएफवरची (सगळ्या जोड्या एकत्र येतात त्या मुख्य पेटीतली) प्रत्येक जोडी ओळख आणि तक्ता पेटीच्या दाराला आतून चिकटव.

तुझा हितचिंतक