जर्मनी: चान्सनकार्टेवर यावं की ब्लू कार्डसाठी थांबावं?

तुम्ही लिहिलंय, चाकणला डिझाइन इंजिनीअर आहात, नऊ वर्षांचा अनुभव, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. राजीनामा देऊन चान्सनकार्टेवर, म्हणजे इथे येऊन नोकरी शोधायच्या परवान्यावर, निघायचा विचार आहे. माझं ऐकाल तर राजीनामा देऊ नका. नोकरी तिथूनच शोधा आणि ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरी आधी पक्की झालेल्या पदवीधरांना मिळणाऱ्या परवान्यावर, या. मी सात वर्षं श्टुटगार्टजवळ राहतेय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

चान्सनकार्टे जून 2024 मध्ये सुरू झालं. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे मिळून सहा गुण झाले की वर्षभर इथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला वीस तास कामही करता येतं. पण वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो. 2025 मध्ये तो महिन्याला 1,091 युरो होता, म्हणजे तेरा हजारांवर युरो अडकवून ठेवायचे. आणि बायको-मुलीला सोबत आणता येईल या भरवशावर तर अजिबात राहू नका. मागे कुणाची जबाबदारी नसलेल्या पंचविशीतल्या मुलाला मी हो म्हणेन. तुम्हाला नाही.

ब्लू कार्डासाठी 2026 ची पगाराची अट वर्षाला 50,700 युरो आहे. इंजिनीअरिंग टंचाईच्या व्यवसायांत मोडतं, म्हणून तुम्हाला 45,934.20 पुरतील. आकडा कर कापण्याआधीचा. कंपनीने 45,500 देऊ केले तर सही करण्याआधीच बोला, कारण 434 युरो कमी पडले तरी कार्ड अडतं. वहिनींना यायच्या आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या आल्या नोकरी करता येते. कायमचा परवाना ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या जर्मनवर 27 महिन्यांनी मिळू शकतो, बी-वन, म्हणजे मधली पातळी असेल तर 21 महिन्यांनीच. पेन्शनची वर्गणी तेवढे महिने भरलेली हवी. म्हणून पुण्यात आहात तोवरच मॅक्सम्युलर भवनचा क्लास लावा. इथे नोकरी सांभाळून संध्याकाळी व्याकरण डोक्यात शिरत नाही.

डिग्रीचं आजच बघा. आनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये तुमच्या विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यतेचा शेरा आहे का आणि तुमची पदवी तिथे नोंदलेली आहे का, दोन्ही तपासा. पदवी सापडली नाही तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून समकक्षतेचं पत्र घ्यावं लागतं, फी 208 युरो.

आता घराचं, कारण मी इथेच फसले. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. माझ्या पहिल्या घरमालकाने तीन महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं आणि सही द्यायला साफ नकार दिला. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून पहिले दोन पगार सहाव्या करवर्गात, म्हणजे सगळ्यात जास्त कर कापून आले. पैसे पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर परत मिळाले, पण ते दोन महिने मी फार रडले. तेव्हा पैसे पाठवण्याआधी ‘आनमेल्डुंग होईल का?’ हे मेलवर लेखी विचारा. आणि आल्या दिवशी टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी चिकटवा. टॅक्स नंबर टपालानेच येतो, आणि पेटीवर नाव दिसलं नाही तर पोस्टमन पाकीट परत नेतो.