पैसे वजा झाले, नोटा आल्या नाहीत

प्रश्न : राजारामपुरीतील एका एटीएममधून दुसऱ्या बँकेच्या कार्डाने २,००० रुपये काढताना यंत्र मध्येच थांबले. नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम मात्र वजा झाली आणि तिसऱ्या दिवशी परत जमा झाली. संगणकाला हे त्याच क्षणी का कळू नये? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपले खाते एका बँकेच्या संगणकावर आणि नोटांची पेटी दुसऱ्या बँकेच्या यंत्रात असते. आपली बँक आधी रक्कम वजा करते आणि मग संमती देते. ‘नोटा दिल्या नाहीत’ हा यंत्राचा निरोप वाटेत हरवला, तर नोटा गेल्या की राहिल्या हे तिला कळत नाही, म्हणून नोंदी ताडून होईपर्यंत ती रक्कम अडकून राहते. संपर्क तुटलेला असताना अचूक हिशेब आणि अखंड सेवा एकाच वेळी देता येत नाहीत, हे संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० साली मांडले व २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच या संशोधकांनी सिद्ध केले. गंमत अशी, की बँका दर वेळी अचूकताच निवडतात असे नाही. ब्रुअर यांनीच दाखवल्याप्रमाणे, संपर्क नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देऊन हिशेब मागाहून जुळवणारी एटीएम असतात. आपली रक्कम वेळेत आली. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ती ५ दिवसांत न आल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते.