गोदी, गिरण्या आणि देवळालीचा तळ : दुसऱ्या महायुद्धातल्या मुंबई इलाख्याबद्दल वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात मुंबई इलाख्यातले लष्करी तळ आणि कारखाने यांचा काय वाटा होता, या विषयावर बरेच प्रश्न आले आहेत. सगळ्यांना पुरून उरेल एवढी जागा नाही. ज्या प्रश्नांत सांगण्यासारखे जास्त आहे ते निवडले आहेत.

प्रश्न : आमचे घर देवळाली कॅम्पजवळ. लढाईच्या काळात इथे गोऱ्या सैनिकांची नुसती रीघ लागलेली असायची, असे आजोबा सांगत. समुद्रापासून इतक्या लांब, घाट चढून वर, एवढा मोठा तळ कशासाठी? (नाशिक रोड)

घाट चढून वर होता म्हणूनच. देवळाली महायुद्धाच्या बऱ्याच आधीपासून, एकोणिसाव्या शतकापासून, पलटणींचा थांबा होती. विलायतेहून आलेली माणसे मुंबईला उतरायची. पावसाळ्यातली मुंबई म्हणजे दमट हवा, हिवताप आणि जागेची टंचाई. तिथे हजारो माणसे ठेवणे कोणालाच नको होते. रात्रीच्या गाडीत बसवले की सकाळी अठराशे फुटांवरच्या कोरड्या हवेत. शिवाय जीआयपी रेल्वेचा (आताची मध्य रेल्वे) मार्ग १९३० पर्यंत इगतपुरीपर्यंत विजेवर चालू लागला होता. त्यामुळे घाट हा पूर्वीसारखा अडथळा राहिला नव्हता. लष्कराच्या नकाशावर मुंबई बंदर आणि देवळाली ही दोन गावे नव्हतीच. एकाच दरवाजाचा उंबरठा आणि ओसरी म्हणा.

दुसरे कारण तोफांचे. तोफखान्याला सरावासाठी मैलोन्‌मैल मोकळे माळरान लागते. ते या बाजूला होते. काकूलची (आता पाकिस्तानात) तोफखाना शाळा १९४१ मध्ये देवळालीला हलवली आणि ती इथेच रुजली. आज नाशिककरांच्या खिडक्या थरथरतात त्याचे मूळ त्या निर्णयात आहे.

अहमदनगरचेही (आताचे अहिल्यानगर) तसेच. तिथे चिलखती गाड्यांचे प्रशिक्षण चाले. किल्ल्याची गोष्ट मात्र वेगळी. युद्ध सुरू झाल्यावर भारतात सापडलेल्या जर्मन नागरिकांना आधी नगरला ठेवले, मग देवळालीला आणि पुढे डेहराडूनला. पुढे तिबेटात पळून गेलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हा त्यांतलाच. ऑगस्ट १९४२ नंतर नगरच्या त्याच किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद वगैरे मंडळी आली. शत्रूच्या नागरिकांसाठी वापरलेली जागा आपल्या पुढाऱ्यांसाठी वापरायला सरकारला काही वाटले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : गिरणगावातल्या गिरण्यांनी युद्धात प्रचंड पैसा कमावला असे ऐकतो. कामगाराला त्यातले काय मिळाले? (लालबाग)

मालकांनी कमावला, यात वाद नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि जपानी कापडाची आयात थांबली. इंग्लंडमधल्या लँकेशायरचा माल आधीच आटला होता. दुसरीकडे सैन्याला गणवेशाचे खाकी ड्रिल कापड, तंबूचे कापड, मच्छरदाण्या हवे तितके हवे होते. गिऱ्हाईक एकच, ते सरकार, आणि ते घासाघीस फारशी करत नव्हते. उरलेले कापड बाजारात काळ्या भावाने जायचे. १९४३ च्या मध्यावर सरकारला कापड नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला, तो उगीच नाही.

कामगाराला जे मिळाले ते भांडून मिळाले. २ ऑक्टोबर १९३९ ला, युद्ध जाहीर होऊन महिनाही झाला नव्हता, मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. त्यानंतर मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी दीड लाखावर गिरणी कामगार बाहेर पडले आणि महिनाभराहून जास्त बाहेर राहिले. महागाई भत्ता ही आज पगाराच्या चिठ्ठीतली साधी ओळ झाली आहे. तिच्यासाठी लालबाग-परळच्या चाळींनी चुली विझवल्या होत्या.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या युनियनचा सूर बदलला. आता हे ‘लोकयुद्ध’ झाले, उत्पादन थांबवायचे नाही. त्यामुळेच १९४२ च्या आंदोलनात अहमदाबादच्या गिरण्या महिनेच्या महिने बंद पडल्या, मुंबईच्या तेवढ्या पडल्या नाहीत. कम्युनिस्टांवरचा तो राग पुढे कितीतरी वर्षे टिकला.

धान्याचे हाल वेगळेच. ब्रह्मदेश जपानने घेतल्यावर तिथला तांदूळ यायचा बंद झाला आणि कोकणी माणसाच्या ताटातला भात महाग झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. देशात हे पहिले मोठे शहर. त्यामुळे बंगालसारखी दुष्काळाची वेळ मुंबईवर आली नाही, आणि याचे श्रेय प्रशासनाला द्यायला हवे.

प्रश्न : १९४४ चा गोदीतला स्फोट जपानी हेरांनी केला, असे आमच्या घरात खात्रीने सांगतात. खरे काय? (माझगाव)

हेरांचा पुरावा नाही. खरे कारण त्याहून साधे आहे आणि म्हणून जास्त चीड आणणारे.

‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज इंग्लंडहून निघाले ते सुमारे १,४०० टन स्फोटके घेऊन. सुरुंग, तोफगोळे, पाणतीर, काय म्हणाल ते. कराचीला काही माल उतरला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गठड्या आणि वंगणाचे तेल चढवले. कप्तानाला हे पसंत नव्हते, पण युद्धात जहाजाची एक इंचही जागा रिकामी जाऊ द्यायची नाही हा दंडक. दोन नंबरच्या फाळक्यात (जहाजातल्या माल ठेवायच्या कप्प्यात) स्फोटके आणि कापूस एकमेकांच्या सान्निध्यात आले. कापूस एकदा धुमसायला लागला की तासन्‌तास आतल्या आत धुमसतो, हे आपल्याकडे जिनिंगमधल्या पोरालाही ठाऊक असते.

शांततेच्या काळात असले जहाज गोदीच्या आत येऊच शकले नसते. लाल बावटा लावून बाहेर उभे राहायचे आणि माल होड्यांनी उतरवायचा, असा नियम होता. तो युद्धाच्या घाईत शिथिल केला होता. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास फाळक्यातून धूर दिसला. बंबवाले आले, पाण्याचा मारा सुरू झाला, पण पाणी आगीच्या मुळाशी पोचेना. जहाज बुडवायचे की ओढून बाहेर न्यायचे, यावर धक्क्यावर चर्चा झाली. ठरले काहीच नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. शेजारचे ‘जलपद्म’ हे जवळपास चार हजार टनांचे जहाज उचलले जाऊन गोदामावर आपटले. जहाजातल्या सोन्याच्या विटा गावभर उडाल्या. गाळ काढताना त्या पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला.

मृतांचा आकडा सरकारी हिशेबात सातशे-आठशेच्या घरात, इतर अंदाजांत तेराशेपर्यंत. यात ६६ जण अग्निशमन दलाचे. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात तो याच दिवसावरून. बातमीवर सेन्सॉर होता, त्यामुळे लोकांनी आपापली कारणे शोधली. हेरांची कथा त्या गप्प बसवण्यातून आली असावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : तुम्ही नेहमी मुंबई-पुण्याबद्दलच लिहिता. विदर्भ-मराठवाड्याने काहीच केले नाही का? (नागपूर)

टोमणा मान्य, पण त्या वेळचा नकाशा बघा. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, मराठवाडा निजामाकडे, कोल्हापूर-सांगली संस्थानात. निजामाने पहिल्या महायुद्धापासून विमानदलाच्या तुकड्यांना पैसा पुरवला, म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या तीन स्क्वाड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ होते. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज पोलादाला लागायचे. कामठीला १९४२ मध्ये महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुले.

प्रश्न : नेते तुरुंगात, देश गुलाम. मग याला ‘आपले योगदान’ म्हणावे का? (सातारा)

सरकारने कोणाला विचारले नव्हते, हे खरे. व्हाइसरॉयने ३ सप्टेंबर १९३९ ला भारताला युद्धात ओढले ते एका घोषणेने. पण त्यावरून सैन्यात गेलेले सगळे बिचारे होते असे मात्र म्हणता येत नाही. बेळगावला तळ असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) या दोघांना इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे. गोवा हायवेने जाताना निदान एकदा थांबा. डॉ. आंबेडकर १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले आणि महारांच्या बंद झालेल्या लष्करभरतीचा प्रश्न त्यांनी धसास लावला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यांच्या दृष्टीने हा इंग्रजांवरचा उपकार नव्हता, हिसकावलेला हक्क परत घेणे होते.

त्याच वेळी कर्जत-कल्याणच्या डोंगरात भाई कोतवालांचे दस्ते मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडत होते. २ जानेवारी १९४३ ला कोतवाल सिद्धगडावर मारले गेले. त्याच महिन्यात पुण्यात गोऱ्या सोल्जरांच्या आवडत्या कॅपिटॉल थिएटरात बाँब फुटला. एकाच घरातला एक भाऊ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आणि दुसरा भूमिगत, हेही त्या काळात अशक्य नव्हते. कोणा एकाला खोटे ठरवायची मला गरज वाटत नाही.

पैशाचे मात्र एका वाक्यात सांगतो : युद्ध संपले तेव्हा ब्रिटन भारताचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता, आणि ते पैसे नोटा छापून, म्हणजे आपल्याच माणसांच्या महागाईतून, उभे केलेले होते.

प्रश्न : त्या काळातले आज काय शिल्लक आहे? (उल्हासनगर)

तुम्ही राहता तेच! कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. रिक्षावाल्याला अजून ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’च सांगावे लागते.

याशिवाय सांताक्रूझचा विमानतळ आणि पुण्याचे लोहगाव, दोन्ही मुळात युद्धकाळातल्या हवाई दलाच्या धावपट्ट्या. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ हे नौदलाचे अभियांत्रिकी केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ चे. युद्धाआधी दोन हजारांच्या आत असलेले नौदल तोवर तीस हजारांच्या आसपास पोचले होते, आणि त्यातल्याच पोरांनी पुढच्या वर्षी, १८ फेब्रुवारीला, कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट जेवण आणि शिवीगाळ यांवरून बंड सुरू केले.

आणि खडकवासला. तलावाच्या काठावर जमिनीवरच जहाजाचा सांगाडा उभारून समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव चाले. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडताना ती सोय उपयोगी पडली. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या लढाईत भारतीय सैनिकांनी सुदान वाचवले म्हणून तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले होते; फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७० हजार आले, ते या इमारतीत गेले.