ग्रँट शोधण्याआधी संस्थेचा दर्पण नंबर शोधा

मॅडम, "संशोधनासाठी ग्रँट कुठे शोधायची तेच कळत नाही, ऑफिसात विचारलं तर ‘असलं काही आपल्याकडे येत नाही’ म्हणतात," हे तुमचं वाक्य वाचलं आणि हसू आलं. मला हे उत्तर मिळालं तेव्हा मी नोकरीत नऊ वर्षांची जुनी होते. तुम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वनस्पतिशास्त्रात, वारुळावरच्या अळंब्यांवर काम करायचं म्हणता. मी मायक्रोबायोलॉजीची, मिठागरांतल्या जिवाणूंच्या मागे लागलेली. विषय वेगळे, पण दुखणं तेच, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

प्रपोजल कसं लिहायचं, उद्दिष्टं किती ठेवायची, यात शिरत नाही. पीएचडी झालेल्या माणसाला ते येतंच.

शोधायचं कुठे, ते आधी उरकते. वरिष्ठ तुम्हाला अजून यूजीसीच्या मायनर प्रोजेक्टबद्दल सांगतील. पुण्याच्या विभागीय कार्यालयातून कॉलेजच्या शिक्षकांना ते पैसे मिळायचे, आमच्या पिढीने त्यावर बरंच काम केलं. तो झरा कधीच आटला, त्यात वेळ घालवू नका. विज्ञानाचा मुख्य दरवाजा पूर्वी सर्ब, म्हणजे केंद्राचं सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड, होता. 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, 2024 च्या फेब्रुवारीत तो कायदा लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं. म्हणून जुन्या यादीतली नावं जशीच्या तशी शोधू नका, काही योजनांची नावं आणि अटी बदलल्या आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाचे अर्ज ई-प्रोमिस पोर्टलवरून जातात. केंद्र सरकारच्या इंडिया सायन्स, टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन पोर्टलवर वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एकत्र मिळतात आणि जीवशास्त्रवाल्यांसाठी इंडियाबायोसायन्सचं ग्रँटचं पान चांगलं आहे. तुमच्या शेजारी समाजशास्त्राचे कुणी असतील तर त्यांना आयसीएसएसआरकडे, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेकडे, पाठवा. गणितवाल्यांना मॅट्रिक्स या योजनेकडे पाठवा, त्यात रक्कम लहान असते पण यंत्रं विकत घ्यायची कटकट नसते.

पण माझा खरा मार्ग वेगळा होता. आपल्या विषयातले, आपल्यासारख्याच साध्या कॉलेजांतून आलेले वीस-पंचवीस शोधनिबंध काढायचे आणि शेवटचा आभाराचा परिच्छेद तेवढा वाचायचा. कुणी पैसे दिले ते तिथे लिहिलेलं असतं. आयआयटीवाल्याला कुणी दिले याला आपल्या दृष्टीने अर्थ नाही, कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या कॉलेजला कुणी दिले याला आहे. एका दुपारी मला जे कळलं ते सहा महिने वेबसाइटी चाळून कळलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते.

मी प्रपोजल लिहिलं पाच आठवडे बसून. पेडण्याकडच्या मिठागरांवर पहाटे जाऊन नमुने आणले होते, प्राथमिक निष्कर्ष हातात होते, विद्यापीठातल्या एका सरांनी वाचून बरं म्हटलं होतं. शेवटच्या तारखेला चार दिवस उरले असताना पोर्टलवर अर्ज भरायला बसले. संस्थेचा प्रकार विचारला. कॉलेज अनुदानित, पण चालवते सोसायटी, म्हणजे खाजगी. ते निवडलं आणि पुढचा रकाना उघडला: एनजीओ दर्पणचा युनिक आयडी. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकेना.

दर्पण म्हणजे नीती आयोगाचं पोर्टल. सोसायटी किंवा ट्रस्ट चालवत असलेल्या संस्थेला केंद्राचे पैसे घ्यायचे तर तिथे नोंद लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हा माझा गाढवपणा. मार्गदर्शक सूचनांत तो मजकूर होता, मी विज्ञानाचा भाग वाचला आणि ‘संस्थेसाठी’ असं जिथे लिहिलं होतं तिथे पान उलटलं. आपला संबंध नाही म्हणून.

संस्थेच्या ऑफिसात गेले. कोणतं ते लिहीत नाही, गोवा लहान आहे. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, "बाई, एनजीओ म्हणजे समाजसेवावाले. आपण शिक्षणसंस्था." मी प्रिंट दाखवली. ते म्हणाले, पत्र द्या, मीटिंगपुढे ठेवतो. मीटिंग गणेश चवथीनंतर. दर्पणला संस्थेचं पॅन लागतं, नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं आणि तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन नि आधार लागतात. एक पदाधिकारी मुलाकडे दुबईला, दुसऱ्यांनी "माझं आधार तुम्हाला कशाला?" म्हणून फोन ठेवला. तेही बरोबरच म्हणा, अनोळखी मास्तरणीला आधार कोण देईल? ते मागायचं काम ऑफिसचं होतं.

चार दिवस गेले, तारीख गेली. पुढची संधी यायला दीड वर्ष लागलं आणि तोवर तशाच जिवाणूंवर तमिळनाडूतल्या एका गटाचा निबंध येऊन गेला. चवथीनंतरच्या मीटिंगमध्ये विषय निघाला का, असं विचारलं तर उत्तर आलं, कोरम झाला नाही.

मला राग पैसे गेल्याचा नाही. कोट्यवधीच्या घोषणा होतात आणि आपल्या बाजूला पीएचडी केलेला शिक्षक आणि पैसा यांच्यामध्ये एक फाइल असते, तिच्यावर पेपरवेट म्हणून कुणाचा तरी चहाचा कप असतो. असो. हे माझ्या संस्थेचं झालं. सगळ्या संस्था अशा नसतात, माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात प्रिन्सिपलनी स्वतः बसून एका सकाळी नोंदणी करून दिली.

म्हणून माझा हट्टी सल्ला: योजना शोधायला लागण्याआधी संस्थेचे कागद गोळा करा. दर्पण आयडी, सोसायटीचं पॅन, नोंदणी, यूजीसीची 2(एफ) आणि 12(बी) मान्यता, नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, पत्र. त्यांची एक फाइल स्वतःच्या कपाटात ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको. प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र त्या त्या योजनेच्या छापील नमुन्यातच लागतं, आपल्या शब्दांत लिहिलेलं चालत नाही. सही करणाऱ्याला रजेवर जायची तारीखही आधी विचारून ठेवा.

आणि एक स्पष्ट विचारते, तुम्ही नियमित आहात की लेक्चर बेसिसवर? बहुतेक योजनांत नियमित पद मागतात. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर एखाद्या नियमित सहकाऱ्याला मुख्य संशोधक करून तुम्ही सहसंशोधक व्हा. अन्याय आहे, ठाऊक आहे. नियम योजनेगणिक बदलतात, तेव्हा माझ्या शब्दावर न जाता मूळ सूचना वाचा, आणि यावेळी ‘संस्थेसाठी’ लिहिलेलं पानसुद्धा.

तुमच्या विषयाबद्दल थोडं. म्हादई अभयारण्यातून अळंबी उचलायची तर वन खात्याची परवानगी लागेल, तो अर्ज आजच करा, मंजुरीची वाट बघू नका. शिवाय अळंबी तुमच्या ग्रँटसाठी थांबत नाही, पहिल्या पावसानंतर येते आणि संपते. पैसे डिसेंबरात आले तर एक हंगाम कागदावरच जातो. तीन वर्षांच्या कामात दोनच पावसाळे हातात धरून वेळापत्रक मांडा. ताळगावला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात बुरशीचा संवर्धन संग्रह आहे, तिथल्या कुणाला बरोबर घेता आलं तर जरूर घ्या. कॉलेजात मोठं यंत्र मागण्यापेक्षा जोडीदाराच्या प्रयोगशाळेत काम करणं परवडतं. आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको, आमचा डीप फ्रीझर दोनदा मेला.

प्रोजेक्ट मिळालं तर (माझं दुसऱ्या खेपेला मिळालं) एक गोष्ट कुणी सांगत नाही. खात्यात पडलेल्या रकमेवर व्याज आलं तर ते तुमचं नाही आणि कॉलेजचंही नाही, केंद्राला परत करायचं असतं. आमच्या अकाउंटंटनी ते कॉलेजच्या उत्पन्नात दाखवलं आणि माझं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कसे खर्च झाले त्याचा दाखला, दोनदा परत आलं. पुढचा हप्ता त्यावर अडला, प्रोजेक्टवरच्या जेआरएफ (संशोधन सहायक) मुलीचा पगार चार महिने नाही. तिला घरभाड्यापुरते मी खिशातून दिले, हे कुठल्याही फॉर्ममध्ये बसत नाही.

परदेशी फाउंडेशनच्या जाहिराती दिसतील, छान दिसतील. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते पैसे घेता येत नाहीत, तेव्हा आधी ते विचारा.

सोमवारी ऑफिसात जाल तेव्हा पॅनवरचं संस्थेचं नाव आणि नोंदणीवरचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. साखळी गावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहितात ना, तसं आमच्या गावाचं होतं: एका कागदावर पोर्तुगीज वळणाचं, दुसऱ्यावर आपल्या उच्चाराचं. दर्पणची नोंदणी शेवटी सुरू झाली तेव्हा त्या दोन अक्षरांवर आणखी पाच आठवडे गेले.