वडिलांच्या जागेवर क्रीडांगणाचे आरक्षण : सही करण्याआधी तारखा पाहा

प्रश्न : कोथरूडला गावठाणाबाहेर आमची दहा गुंठे जागा आहे. १९८७च्या विकास आराखड्यात तिच्यावर क्रीडांगणाचे आरक्षण पडले आणि २०१७च्या आराखड्यातही ते कायम राहिले. महापालिकेने ना जागा घेतली, ना मोबदला दिला. वडील वारले, सात-बारावर अजून त्यांचेच नाव आहे. आता एक बिल्डर शेजारच्या जमिनीच्या दराच्या पावपटीत जागा मागतो आहे आणि आमच्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्रही हवे म्हणतो. दहा वर्षांनी आरक्षण आपोआप उठते ना?

उत्तर : नाही, आपोआप काही उठत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाने मालकीची कागदपत्रे जोडून महापालिकेला खरेदी-नोटीस, म्हणजे ‘जागा विकत घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस, द्यायची असते. ती मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते.

तुमची अडचण आहे ती १९८७पासून वर्षे मोजण्यात. तेव्हापासून तीन दशकांहून अधिक काळ गेला, हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयाने प्रफुल्ल दवे प्रकरणात म्हटले आहे की सुधारित आराखडा येण्याआधी मालकाने नोटीस दिलेली नसेल, तर दहा वर्षे नव्या आराखड्यापासून मोजायची. वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या साध्या माणसावर हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते, पण आज कायदा असा आहे. म्हणून आधी वडिलांची जुनी फाईल नीट चाळा. २०१७च्या आधी दिलेल्या एखाद्या नोटिशीची स्थळप्रत, तिच्यावर महापालिकेचा आवक शिक्का किंवा पोस्टाची पोचपावती सापडली, तर तुमची बाजू पूर्ण बदलते. तो कागद घेऊन थेट वकिलाकडे जा.

काहीच सापडले नाही, तर तुमची दहा वर्षे २०२७ मध्ये भरतात. नेमका दिवस राजपत्रातल्या अधिसूचनेवरून काढा, कारण आराखड्याचे काही भाग आधी वगळून नंतर मंजूर झाले. जागेवर आराखड्यात काय दाखवले आहे ते सांगणारा झोन दाखला आणि भाग नकाशाही काढून ठेवा. नोटीस एक दिवस जरी लवकर गेली तरी ती मुदतपूर्व ठरू शकते. उशीर केलात आणि मधेच पुन्हा सुधारित आराखडा अंमलात आला, तर परत दहा वर्षे. दहा वर्षे भरली की त्याच आठवड्यात नोटीस जायला हवी आणि त्यासाठी वारस नोंद आजच सुरू करा. नोटीस सगळ्या वारसांच्या सहीने द्या.

नोटिशीनंतर महापालिका पत्र पाठवेल, कदाचित मुख्य सभेचा ठरावही होईल. तेवढ्याने भागत नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली न्यायालयाने स्पष्ट केले की पाऊल म्हणजे प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारी कृती, नुसता प्रस्ताव नव्हे. चोवीस महिने तसेच गेले, तर शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तुम्हालाही बांधता येईल. राजपत्रात तशी नोंद करायला टाळाटाळ झाली, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल.

आता बिल्डरचे. तो पावपट भाव देतो, कारण आरक्षणाने जागेची किंमत पडली आहे हे त्याला ठाऊक आहे. पण गावठाणाबाहेर आरक्षित जागा महापालिकेला दिली, तर मोबदल्यात क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. दहा गुंठ्यांवर तो सुमारे दोन हजार चौरस मीटर होतो. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा, दर तुमच्यापेक्षा कमी असलेल्या भागात तो वापरला, तर दरांच्या प्रमाणात क्षेत्र आणखी वाढते. कुलमुखत्यारपत्रावर सही केलीत, तर हा टीडीआर घेणारा आणि विकणारा तोच होईल. शहराला मैदाने हवीत, मुलांना खेळायला जागा हवीच. पण तिचा खर्च एकट्या तुमच्या घराने सोसावा असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. टीडीआर घ्यायचा की नाही हेही तुमच्या संमतीवर आहे. महापालिका तो लादू शकत नाही.

पैशाची घाई असेल, तर टीडीआरचा अर्ज स्वतःच करा. थांबणे शक्य असेल, तर नोटिशीचा मार्ग धरा. तोवर मोजणी करून, परवानगी घेऊन कुंपण घाला आणि तिथे विनापरवाना शेड उभारू नका.